76,088 वेळा, आणि एकदाही नाही

दोन पुरुष एकमेकांवर प्रेम करतात, एकत्र राहतात. त्यांतल्या एकाला एचआयव्ही आहे, दुसऱ्याला नाही. युरोपातल्या 14 देशांमधल्या अशा 782 जोडप्यांची माहिती एका अभ्यासात मोजली गेली. पॉझिटिव्ह जोडीदाराची औषधं नीट चालू होती, त्याच्या रक्तातला विषाणू दबलेला होता, आणि या जोडप्यांनी आपखुशीने कंडोम बाजूला ठेवला होता. दर काही महिन्यांनी दोघंही दवाखान्यात येत, रक्त देत, आणि एक प्रश्नावली भरत: गेल्या खेपेनंतर किती वेळा, कशा प्रकारे, आणखी कुणाबरोबर. शेवटी सगळी बेरीज झाली तेव्हा कंडोमशिवाय गुदसंभोगाचे 76,088 प्रसंग भरले. त्यांतल्या किती प्रसंगांत एचआयव्ही एका जोडीदाराकडून दुसऱ्याकडे गेला?

एकाही नाही.

या अभ्यासाचं नाव पार्टनर-2. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या अॅलिसन रॉजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 2019 च्या मे महिन्यात ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. औषधं नसती तर याच जोडप्यांमध्ये सुमारे 472 नव्या लागणी झाल्या असत्या, असा त्यांचा अंदाज आहे. माणसाच्या शरीराच्या बाबतीत इतकं निखळ शून्य वैद्यकाच्या हाती क्वचित लागतं. ते लागलं, कारण पंधराशेहून अधिक पुरुषांनी आपल्या अंथरुणातली गोष्ट वर्षानुवर्षं खरी खरी कागदावर उतरवून दिली. त्यांची नावं कुठेही छापलेली नाहीत. मला मात्र ही माणसं फार मोठी वाटतात.

आता यातली सर्वांत रोमांचक गोष्ट. या काळात निगेटिव्ह जोडीदारांपैकी 15 जणांना एचआयव्हीची लागण झाली होती. मग शून्य कसं?

त्र्यंबकेश्वरला जाऊन आलेल्यांना माहीत असेल, आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की तीर्थोपाध्याय जुनी नामावळ उघडतात आणि आपल्या खापरपणजोबांची नोंद काढून दाखवतात. शेजारी बसलेला अनोळखी माणूस आपल्याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेतला निघतो की त्याचा आपला काही संबंध नाही, हे तिथे बसल्या बसल्या कळतं. एचआयव्हीच्या जनुकांत अशीच नामावळ असते. हा विषाणू स्वतःच्या नकला फार घाईने आणि निष्काळजीपणे काढतो. मधूनच एखादं अक्षर चुकतं, आणि ती चूक पुढच्या सगळ्या पिढ्यांत उतरत जाते. त्यामुळे प्रत्येक पॉझिटिव्ह माणसाच्या अंगातल्या विषाणूला स्वतःचा असा वंश तयार होतो. एकाकडून दुसऱ्याला लागण झाली असेल, तर दोघांचे विषाणू जवळचे भाऊबंद निघतात. संशोधकांनी त्या 15 जणांचे विषाणू त्यांच्या जोडीदारांच्या विषाणूंशी अक्षर अक्षर लावून ताडून पाहिले. पंधराच्या पंधरा वेळा घराणं वेगळं निघालं. लागण बाहेरून आली होती. प्रश्नावल्याही तेच सांगत होत्या: निगेटिव्ह पुरुषांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त जणांनी जोडीदाराखेरीज इतर पुरुषांशीही कंडोमशिवाय संबंध आल्याचं लिहिलं होतं.

म्हणजे ज्याला एचआयव्ही आहे हे माहीत होतं, ज्याच्या शेजारी रोज झोपत होते, त्या माणसाकडून काहीच आलं नाही. जे आलं ते इतरांकडून.

संख्याशास्त्र कधीही पूर्ण शपथ घेत नाही, म्हणून शोधनिबंधात शून्याशेजारी एक वरची मर्यादा लिहिलेली असते. इथे ती 100 जोडपी वर्षभर पाहिली तर 0.23 इतकी आहे. पण ऑस्ट्रेलिया, थायलंड आणि ब्राझीलमधल्या 343 पुरुष-जोडप्यांच्या दुसऱ्या एका अभ्यासातही जोडीदाराकडून झालेली लागण शून्यच निघाली. वेगवेगळ्या खंडांत, वेगवेगळ्या माणसांत, तेच शून्य.

याचं महत्त्व कळायला थोडं शरीरशास्त्र बघावं लागतं. गुदाशयाचं आतलं अस्तर पेशींच्या एकाच थराचं असतं. अन्नातलं पाणी शोषून घ्यायला ते योग्य, घर्षण सोसायला नाही. त्या थराच्या लगेच खाली रोगप्रतिकारक पेशींची दाटी असते, आणि एचआयव्हीला नेमक्या त्याच पेशी हव्या असतात. म्हणून औषध, कंडोम काहीच नसेल तर लैंगिक संबंधांच्या सगळ्या प्रकारांत सर्वांत जास्त धोका असतो तो गुदसंभोगात स्वीकारणाऱ्याला, दर 10,000 प्रसंगांमागे सुमारे 138 लागणी. विषाणूसाठी इतक्या सोयीच्या वाटेवरही तो 76,088 वेळा गेला नाही. मग तो होता कुठे?

एचआयव्हीचा कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा असतो. त्याच्याकडे अवघी नऊ जनुकं आणि साडेनऊ हजारांच्या आसपास अक्षरं. माणसाच्या जनुकसंचात असतात सुमारे 300 कोटी. एवढ्याशा ऐवजावर तो सीडी-4 नावाच्या पेशीला चिकटतो. ही पेशी म्हणजे आपल्या सगळ्या प्रतिकारशक्तीला आदेश देणारी. आत शिरल्यावर तो आपल्या आरएनएचं डीएनएत रूपांतर करतो. जीवसृष्टीत माहिती डीएनएकडून आरएनएकडे जाते असंच शास्त्रज्ञ धरून चालले होते. ती उलटीही जाऊ शकते हे 1970 मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी दाखवलं आणि जीवशास्त्र हादरलं. तयार झालेला हा डीएनए मग थेट आपल्या गुणसूत्रात शिवला जातो. त्यानंतर ती पेशी स्वतःचं काम समजून विषाणू तयार करत राहते. उपचार नसलेल्या माणसाच्या शरीरात दिवसाला हजार कोटींच्या घरात कण तयार होतात.

आपल्याकडच्या एआरटी, म्हणजे एचआयव्हीविरोधी औषधांच्या, केंद्रावर आज बहुतेकांना रोज एक गोळी मिळते. तिच्यात तीन औषधं असतात: टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर. पहिली दोन बनावट अक्षरं आहेत. विषाणू डीएनए लिहीत असताना ती मध्येच जाऊन बसतात, आणि त्यांना पुढचं अक्षर जोडायची जागाच नसते. वाक्य अर्ध्यात तुटतं. त्यातूनही एखादं वाक्य पुरं झालंच, तर तिसरं औषध ते गुणसूत्रात शिवू देत नाही. नव्या पेशींना लागण होणं थांबतं, जुन्या बाधित पेशी मरत जातात, रक्तातले कण काही तासांत नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी नवे येत नाहीत. बहुतेकांच्या बाबतीत सहा महिन्यांच्या आत एक मिलिलिटर रक्तातली विषाणूंची संख्या, म्हणजे व्हायरल लोड, 200 च्या खाली, बऱ्याचदा 50 च्याही खाली येते. वीर्यात आणि गुदाशयाच्या स्रावातही तो उरला तर इतका नगण्य उरतो की लागण होत नाही. पलंगावर दोन माणसं असतात, विषाणू तिथे पोचलेलाच नसतो.

म्हणजे तो पूर्ण गेला का? नाही. काही बाधित पेशी शांत झोपी जातात, वर्षानुवर्षं तशाच राहतात. औषधाला पकडायला तिथे काही चालू कामच नसतं. गोळ्या थांबवल्या की काही आठवड्यांत त्यांतून विषाणू पुन्हा उसळतो. म्हणून गोळी रोज आणि कायमची. माझ्या मते या आजाराबद्दल लोकांना सर्वांत कमी समजलेली बाब हीच आहे: बरं न होताही माणूस लैंगिक संबंधातून लागण न करणारा होऊ शकतो.

याची दुसरी बाजू तितकीच चकित करणारी आहे. विषाणू सर्वांत जास्त कधी असतो? लागण झाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. प्रतिकारशक्तीला अजून त्याची ओळख पटलेली नसते, आणि रक्तातली संख्या मिलिलिटरला दहा लाखांच्याही वर जाऊ शकते. नेमकं त्याच काळात प्रतिपिंडं शोधणारी साधी चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, कारण प्रतिपिंडं तयार व्हायला वेळ लागतो. त्या माणसाला वाटतं, थोडा ताप आला, अंग दुखलं, हवा बदलली असेल. तो मनापासून सांगतो, “माझा रिपोर्ट निगेटिव्ह आहे.” तो खोटं बोलत नसतो. पण तीन महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट तीन महिन्यांपूर्वीचंच सांगतो. पॉझिटिव्ह असलेला, गोळ्या नियमित घेणारा, व्हायरल लोड दबलेला पुरुष या बाबतीत त्याच्यापेक्षा कितीतरी सुरक्षित असतो. आणि आपल्याकडे अॅपवर, बागेत, मित्रांच्या कोंडाळ्यात टाळलं जातं ते कुणाला? ज्याने धीर करून खरं सांगितलं त्यालाच. हा अन्याय तर आहेच, शिवाय तो विज्ञानाच्या पूर्ण उलटा आहे.

या ज्ञानाची पायाभरणी काही प्रमाणात पुण्यात झाली, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत आणि चेन्नईच्या वायआरजी केअर संस्थेत एचपीटीएन-052 या आंतरराष्ट्रीय अभ्यासाची केंद्रं होती. नऊ देशांतली 1,763 जोडपी, प्रत्येकात एक पॉझिटिव्ह. काहींना औषध लगेच, काहींना तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे प्रतिकारशक्ती घटल्यावर. 2011 मध्ये दिसलं की जोडीदाराकडून झालेल्या 28 लागणींपैकी 27 उशिरा औषध मिळालेल्या गटात होत्या आणि लवकर मिळालेल्यात एकच. 96 टक्के घट. फरक इतका ठळक होता की निकाल ठरलेल्या वेळेआधीच जाहीर करावे लागले. पण ती जोडपी बहुतेक सगळी स्त्री-पुरुष होती. समलिंगी पुरुषांना सांगितलं गेलं, तुमचं वेगळं असू शकेल, तुम्ही यावर विसंबू नका. त्या काळी तसं म्हणणं शास्त्राला धरूनच होतं. पण त्यामुळे आणखी आठ वर्षं असंख्य पुरुष आपल्या प्रियकराला हात लावताना घाबरत राहिले. म्हणून पार्टनर-2 ने फक्त पुरुष-जोडप्यांचा विचार केला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कुणीतरी त्यांचा प्रश्न त्यांच्यासाठी म्हणून विचारला.

चेन्नईच्या त्या संस्थेमागेही एक मराठी धागा आहे. ती स्थापन करणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन या चेन्नईत स्थायिक झालेल्या गायतोंडे घराण्यातल्या. संस्थेला नाव दिलं ते वडिलांचं. 1986 मध्ये त्यांनी आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला सेल्लप्पन यांनी भारतातले पहिले एचआयव्ही संसर्ग शोधून काढले. या देशात तो असूच शकत नाही असं मोठमोठे लोक म्हणत होते, तेव्हा.

त्यानंतर तीनच वर्षांनी गोव्यात काय झालं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. डॉमिनिक डिसोझा हा तरुण नेमाने रक्तदान करायचा. 1989 च्या फेब्रुवारीत पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं आणि एका बंद पडलेल्या क्षयरोग रुग्णालयात एकटं डांबलं, कारण त्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला होता आणि राज्याचा कायदा तशी मुभा देत होता. 64 दिवस. त्याच्या आई लूसी यांनी उच्च न्यायालयात धाव घेतली. सुटल्यावर तो गप्प बसला नाही. आपल्यासारख्यांसाठी त्याने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि 1992 मध्ये तो गेला. त्याच्या आयुष्यावरून सुचलेला ओनीर यांचा ‘माय ब्रदर निखिल’ 2005 मध्ये आला. त्यातल्या नायकाचं प्रेम एका पुरुषावर आहे. आज मिळणारी ती एक गोळी डॉमिनिकला मिळाली असती तर तो आज साठीच्या आसपासचा असता. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. वेळेवर उपचार सुरू झालेल्या माणसाचं आयुर्मान आता इतरांच्या जवळपास पोचतं.

ती गोळी आपल्यापर्यंत आली यातही मुंबईचा वाटा मोठा आहे. पाश्चात्त्य कंपन्या वर्षाच्या औषधांचे दहा हजार डॉलरांहून जास्त घेत होत्या, तेव्हा 2001 मध्ये मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीच्या युसुफ हमीद यांनी तीच औषधं वर्षाला 350 डॉलरांत देऊ केली. 2004 पासून सरकारी एआरटी मोफत आहे. 2017 पासून रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की सीडी-4 कितीही असो, औषध लगेच सुरू करायचं असं धोरण आहे. व्हायरल लोडची तपासणीही मोफत होते.

जो निगेटिव्ह आहे त्याच्याही हातात आता स्वतःचं साधन आहे. प्रेप म्हणजे लागण होण्याआधीच रोज घ्यायची गोळी. 2010 च्या आयप्रेक्स अभ्यासात पुरुषांशी संबंध ठेवणारे 2,499 पुरुष आणि ट्रान्स स्त्रिया होत्या. ज्यांच्या रक्तात औषध खरोखर सापडलं, म्हणजे ज्यांनी ते खरोखर घेतलं, त्यांच्यात धोका 92 टक्क्यांनी कमी होता. 2024 मध्ये तर लेनाकापाव्हिर या सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या इंजेक्शनाच्या चाचणीत ते मिळालेल्या 2,179 जणांपैकी फक्त दोघांना लागण झाली. प्रेपची गोळी भारतात डॉक्टरांच्या सल्ल्याने मिळते, ती तपासणी न करता स्वतःच्या मनाने सुरू करू नये. आणि कंडोम फाटला किंवा जबरदस्ती झाली, तर 72 तासांच्या आत, खरं तर जितक्या लवकर तितकं बरं, डॉक्टरांकडे जाऊन 28 दिवसांचं पेप, म्हणजे प्रसंगानंतर लागण टाळणारी औषधं, सुरू करता येतं.

व्हायरल लोड दबलेला असणं ही खात्री एचआयव्हीपुरती आणि लैंगिक संबंधापुरतीच आहे. एकाच सुईने नशा करणाऱ्यांना ती लागू नाही, रक्तदानालाही नाही. गरमी, परमा, क्लॅमिडिया यांना या गोळीचं काही वाटत नाही. पार्टनर-2 मधल्या साधारण चौथाई पुरुषांना या काळात असा एखादा संसर्ग झाला होता. तो असतानाही एचआयव्ही गेला नाही हे नवलच, पण ते संसर्ग स्वतः मात्र पसरत होते. गुदाशयात किंवा घशात ते अनेकदा काहीही लक्षण न दाखवता बसतात आणि लघवीच्या तपासणीत दिसत नाहीत, म्हणून डॉक्टरांना संबंध कोणत्या प्रकारचा आहे हे सांगावंच लागतं. इथेच आपली अडचण होते. तोंडातून शब्द फुटत नाही, आणि समोरचा डॉक्टर लग्न झालंय का एवढंच विचारतो. कंडोम इथे अजूनही उपयोगी आहे, हिपॅटायटिस-बी आणि एचपीव्हीच्या लसीही.

आपल्याकडे अनेक पुरुषांचं लग्न घरच्यांनी करून दिलेलं असतं. पुरुषावर प्रेम, घरी बायको, आणि रिपोर्ट खिशात घडी घालून. त्यांच्याबद्दल वाईटसाईट बोलणं सोपं आहे. मला त्यांना एवढंच सांगायचं आहे की उपचार सुरू केलात आणि व्हायरल लोड दबला, तर तुमचा विषाणू तुमच्या जोडीदाराकडे जात नाही, बायकोकडेही जात नाही. भीतीने तपासणी टाळण्यात मात्र तिघांचंही नुकसान आहे. मुंबईत हमसफर ट्रस्ट, पुण्यात समपथिक ट्रस्ट अशा संस्थांनी वर्षानुवर्षं अशा पुरुषांशी त्यांच्याच भाषेत, दोष न देता बोलून दाखवलं आहे. भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण 0.2 टक्क्यांच्या आसपास आहे, पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये तीन टक्क्यांच्या आसपास. हा फरक शरीररचनेइतकाच लपून जगण्याने घडवलेला आहे.

लपायचं कायदेशीर कारण आता उरलेलं नाही. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना कलम 377 मधून वगळलं. चारच दिवसांनी, 10 सप्टेंबरला, एचआयव्ही-एड्स कायदा लागू झाला. त्याप्रमाणे तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो, आणि एचआयव्हीच्या कारणावरून नोकरी, उपचार किंवा भाड्याचं घर नाकारणं बेकायदा आहे.

डॉक्टर आणि समुपदेशकांना माझी विनंती आहे: पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात देताना गोळ्यांच्या वेळांबरोबर हे शून्यही सांगा. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2023 मध्ये ते स्वच्छ शब्दांत म्हटलं आहे. आणि तुमची शेवटची तपासणी होऊन बरेच महिने झाले असतील, तर सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात ती मोफत होते. जवळचं केंद्र माहीत नसेल तर 1097 या क्रमांकावर फोन करा.